गोणीतली अमेरिका, बाटलीतली अमेरिका

सिरसाळा हे परळी तालुक्यातलं, परळीहून बीडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आज या रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीवर थम्सअप, स्प्राइट, माझा, पेप्सी हे सगळं मिळतं. दुकानातल्या फ्रीजच्या काचेवर कंपनीचं नाव दुकानाच्या पाटीपेक्षा मोठं असतं. पण या पट्ट्यातल्या माणसांच्या तोंडी अमेरिकेचा घास पहिल्यांदा गेला तो रेशनच्या दुकानातल्या गोणीतून. ते साल १९७२ चं. त्या गोणीपासून या बाटलीपर्यंतचा इतिहास मुंबई, दिल्ली आणि अटलांटा या शहरांमधून सांगितला जातो. तो बीडमधल्या बालाघाटाच्या डोंगरांच्या बाजूनं पाहिला तर त्यातली माणसं बदलतात, म्हणून हा लेख.

१९७० पासूनच पाऊस हुलकावण्या देत होता. ७१ साल कसंबसं निघालं आणि ७२ ला पार पाठ फिरवली. बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सोलापूर, नगर हा सगळा पट्टा करपला. इथलं जगणं रब्बीच्या ज्वारीवर. मालदांडीचा टपोरा मोत्यासारखा दाणा, त्याची पांढरी, पदर सुटलेली भाकरी आणि जनावरांना तोच कडबा. ज्वारी गेली की माणसाचं ताट आणि बैलाची दावण एकाच वेळी रिकामी होते. त्या वर्षी बैल मिळेल त्या भावात बाजारात गेले. विहिरींना तळ दिसला. पाण्यापेक्षाही मोठा प्रश्न धान्याचा होता, असं त्या दुष्काळातून गेलेली माणसं आजही सांगतात. पुढच्या दुष्काळांत पाणी नव्हतं, पण दुकानात धान्य होतं. ७२ ला पैसे असूनही पोतं मिळत नव्हतं.

वसंतराव नाईकांच्या सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी. खडी फोडायच्या कामावर बाया-माणसं हातोडी घेऊन ओळीनं बसत. फोडलेल्या खडीचं माप घेतलं जाई आणि मस्टरवर अंगठा उमटला की पैसे. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. कामावरच सुकडी वाटली जायची. कोरडी, गोडसर, भुकटीसारखी. बायका आपल्या वाट्याची सुकडी पदराला बांधून लेकरांसाठी घरी नेत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात राज्यभर कसाला लागली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

आणि रेशनवर आली मिलो. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी.

दाणा बारका, रंग विटकरी. दळून आणली की पीठ तांबूस, भाकरी थापायला घ्यावी तर कडा चिरायच्या. तव्यावर ती फुगायची नाही आणि गार झाली की वातड व्हायची. चव तुरट. पांढऱ्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती ताटात बघूनच नको व्हायची. तरी ती खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतं. ‘जनावराचं खाणं आमच्या ताटात घातलं’ ही तेव्हाची बोलणी अजून ऐकू येतात. त्या बोलण्यात तथ्य होतं. टेक्सास, कान्सास या कोरड्या राज्यांत ही तांबडी ज्वारी प्रामुख्यानं गुराढोरांच्या खुराकासाठीच पिकवतात. पण ती परक्या कुळाचीही नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात मिलो आणि मालदांडी या एकाच जातीच्या. दोघींचं मूळ आफ्रिकेत. एक शाखा हजारो वर्षांपूर्वी दख्खनच्या काळ्या मातीत रुजली, दुसरी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. या दोघी बहिणींची गाठ बीड जिल्ह्यातल्या रेशन दुकानात पडली. मिलोला नावं ठेवणारी माणसं त्या मिलोवरच जगली, आणि या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत. उपाशी माणसाच्या तक्रारीला कृतघ्नपणा म्हणणाऱ्यांनी ती भाकरी खाल्लेली नसते.

अमेरिकी धान्य या देशात येण्याची वाट तोवर चांगली मळलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत धान्याचे डोंगर साठले. १० जुलै १९५४ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘पब्लिक लॉ ४८०’ वर सही केली. शिल्लक धान्य मित्रदेशांना त्यांच्याच चलनात, सवलतीनं विकायचं किंवा मदत म्हणून द्यायचं, असा तो कायदा. आपल्याकडं तो ‘पी.एल. ४८०’ या नावानं पार खेड्यापर्यंत पोचला. १९५६ मध्ये भारतानं पहिला करार केला. सगळ्यांत मोठा करार झाला ४ मे १९६० ला, वॉशिंग्टनमध्ये. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. आयझेनहॉवर यांच्या शेजारी बसून भारताच्या वतीनं सही करणारे अन्नमंत्री होते स. का. पाटील. तळकोकणातून आलेले, मुंबई काँग्रेसवर एकहाती हुकमत असलेले, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी माणसाचा रोष त्यांनी ओढवून घेतला, ती कथा वेगळी. इथं एवढंच लक्षात ठेवायचं की अमेरिकी गव्हाच्या सर्वांत मोठ्या करारावर मराठी माणसाची सही आहे.

मदत म्हणून येणाऱ्या धान्याच्या पोत्यांवर, तेलाच्या डब्यांवर एक चिन्ह असे. ढालीच्या आकारात तारे आणि पट्टे, आणि मधोमध हातात घेतलेला हात. शेजारी इंग्रजीत मजकूर, की ही अमेरिकेच्या जनतेची भेट आहे. ‘केअर’ या संस्थेमार्फत शाळांमध्ये दुधाची भुकटी आणि पुढं मका-सोयाचं पीठ यायचं, त्यावरही असलेच शिक्के. माझ्या मते अमेरिकेचा खेडोपाडी पोचलेला पहिला ‘ब्रँड’ हाच. त्याची जाहिरात कुणी केली नव्हती, पण रिकामं पोतं फाडून त्याचं बसकर झालं, दाराला पडदा झाला, डब्यात मीठ-मिरची राहिली, आणि ते हातात हात वर्षानुवर्षं घरात दिसत राहिले.

पुढं १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हा गहू महिन्याच्या मापानं सोडायला सुरुवात केली. भारताचं धोरण, व्हिएतनामबद्दलची वक्तव्यं सगळं तोलून मग जहाज निघे. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचा एक वेळचा उपवास करायला सांगितलं ते याच काळात. १९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर संबंध आणखी बिघडले. त्यामुळं ७२ चा दुष्काळ पडला तेव्हा दिल्लीला बाहेरून धान्य आणायची नामुष्की पुन्हा नको होती. तरी ते आणावं लागलंच.

आता बाटलीकडं वळू. तिचा जन्म सगळ्यांना माहीत असतो, म्हणून भराभर सांगतो. ८ मे १८८६, अमेरिकेतलं अटलांटा शहर, जॉन पेंबर्टन नावाचा औषधं करणारा माणूस. त्याचं सरबत जेकब्ज फार्मसीत सोडा घालून ५ सेंटला एक पेला असं विकलं गेलं. त्याचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन यानं ‘कोका-कोला’ हे नाव सुचवलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. तेच अक्षर आज सिरसाळ्यातल्या फ्रीजवर आहे. कंपनीचा पुढचा मालक एसा कँडलर यानं धंदा वाढवला. १८९९ मध्ये बाटलीत भरून विकायचे हक्क त्यानं दोन वकिलांना अवघ्या १ डॉलरला देऊन टाकले. ही मोठी गंमतीची आणि महत्त्वाची गोष्ट आहे. कंपनीनं फक्त अर्क करायचा; पाणी, साखर, बाटली, मजूर, गाडी हे सगळं स्थानिक माणसाचं. जगभर पसरायची युक्ती याच व्यवस्थेत होती. १९१५ मध्ये अंधारात हाताला लागली तरी ओळखू येईल अशी कमनीय बाटली आली. दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक अमेरिकी सैनिकाला ५ सेंटमध्ये बाटली मिळालीच पाहिजे असं कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट वुडरफ यांनी ठरवलं. सैन्याच्या मागोमाग ६४ कारखाने परदेशांत उभे राहिले. युद्ध संपलं आणि कारखान्यांना नवी गिऱ्हाइकं लागली.

भारतात कोका-कोला १९५० मध्ये आलं. प्युअर ड्रिंक्स ही दिल्लीची कंपनी ते बाटलीत भरायची. १९५५ मध्ये या कंपनीला मुंबई महापालिकेनं वरळीत जमीन भाडेपट्ट्यानं दिली. पुढं त्याच जागेवर इमारती उभ्या राहिल्या, जादा मजल्यांवरून खटले झाले, आणि २०१३-१४ मध्ये ‘कॅम्पा कोला कंपाउंड’ हे नाव टीव्हीवर रोज दिसू लागलं. त्या नावामागं हा कारखान्याचा इतिहास आहे.

मुंबईत या परदेशी पाहुण्याला तोंड द्यायला माणसं होती. पारशी पांडोळ कुटुंबाची ‘ड्यूक’ १८८९ पासून सोडा आणि रासबेरी विकत होती. विलेपार्ल्यात मोहनलाल दयाळ चौहान यांनी १९२९ मध्ये गोळ्या-चॉकलेटचा कारखाना काढला, १९३० च्या दशकाच्या शेवटी बिस्किटं सुरू केली. पार्ले ग्लुको तिथलंच. याच घराण्यातल्या जयंतीलाल चौहानांनी पेयांकडं लक्ष वळवलं. ‘ग्लुको कोला’ काढलं, त्या नावाला कोका-कोलानं हरकत घेतली, म्हणून ते ‘पार्ले कोला’ झालं. १९५२ मध्ये संत्र्याच्या चवीचं ‘गोल्ड स्पॉट’ आलं आणि ते मात्र पक्कं जमलं. जयंतीलालांचे चिरंजीव रमेश अमेरिकेत एमआयटीत शिकून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला परतले. १९७१ ला ‘लिम्का’ आलं, १९७६ ला ‘माझा’.

त्या काळात मराठवाड्यातल्या गावांत काय होतं? गोटी सोडा. काचेच्या जाड बाटलीच्या गळ्यात गोटी, अंगठ्यानं दाबली की ‘फट्’ आवाज करून खाली जायची. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकात शोधली, आणि निजामाच्या मुलुखातही ती चांगली रुजली होती. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. रस्ते, वीज, बाजार सगळं उशिरा. कोका-कोलाची बाटली जिल्ह्याच्या किंवा रेल्वेच्या गावी दिसायची, ती साहेबलोकांच्या, लग्नकार्याच्या कामाची. बाकीच्यांना उसाचा रस, लिंबू सरबत आणि माठातलं पाणी.

आता गोणीची आणि बाटलीची कथा एकमेकींना येऊन मिळते, ती एका निवडणुकीत. १९६७ ची लोकसभा, दक्षिण मुंबई. काँग्रेसचे उमेदवार स. का. पाटील. समोर मंगळूरहून मुंबईत आलेला, फूटपाथवर झोपून दिवस काढलेला, गोदी आणि टॅक्सी कामगारांचा तरुण पुढारी जॉर्ज फर्नांडिस. पाटलांना कुणी हरवू शकतं यावर मुंबईचा विश्वास नव्हता. जॉर्जनी त्यांना हरवलं. ज्यांनी अमेरिकी धान्याची गोणी आणली त्यांना पाडणाऱ्या माणसानं दहा वर्षांनी अमेरिकी बाटली परत पाठवली. हा योगायोगच, पण त्या दोन माणसांच्या मधल्या काळात देशाचं मन किती बदललं हे त्यातून कळतं. साठ साली परदेशी धान्याचा करार हे यश होतं. सत्याहत्तर साली परदेशी कंपनीला दार दाखवणं हे यश झालं. मधे जॉन्सन यांची महिन्याच्या मापाची जहाजं होती, ७२ ची मिलो होती.

कायदा आधीच झालेला होता. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं केला. परदेशी कंपनीनं भारतातल्या व्यवसायात ४० टक्क्यांपेक्षा जास्त भांडवल ठेवू नये असं त्याचं म्हणणं. आणीबाणी संपली, मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष आला. जॉर्ज तुरुंगात असतानाच मुझफ्फरपूरमधून तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले आणि त्याच वर्षी उद्योगमंत्री झाले. कोका-कोलाचे तेव्हा देशात २२ कारखाने होते. सरकार म्हणालं, भांडवलही सोडा आणि अर्क करण्याचं ज्ञानही भारतीय कंपनीला द्या. कंपनी भांडवलावर बोलायला तयार होती, अर्कावर नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जनी संसदेत निवेदन केलं आणि कोका-कोला गेलं. खेड्यात प्यायला धड पाणी नाही आणि हे पेय मात्र पोचलंय, हा मुद्दा ते पुढंही अनेकदा सांगत. मराठवाड्यापुरतं ते पेय फारसं पोचलं नव्हतं. पाण्याबद्दलचं त्यांचं बोलणं मात्र इथं शंभर टक्के लागू होतं.

रिकाम्या झालेल्या जागेवर सरकारनं स्वतःच पेय आणलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं सूत्र तयार केलं, पाव करणाऱ्या सरकारी मॉडर्न कंपनीनं ते बाटलीत भरलं, आणि सालावरून नाव ठेवलं ‘डबल सेव्हन’. काही वर्षांत ते विस्मरणात गेलं. प्युअर ड्रिंक्सनं ‘कॅम्पा कोला’ काढलं. आणि चौहानांनी काढलं थम्सअप.

थम्सअप हे कोका-कोलाची नक्कल म्हणून सुरू झालं असं समजणं चूक. ते मुद्दाम कमी गोड आणि जास्त तिखट ठेवलं होतं, वायू भरपूर. अर्धवट गार असलं तरी नाकात झिणझिण्या आणायचं. हे महत्त्वाचं अशासाठी की आपल्याकडच्या गावांत वीज कधी असायची, कधी नसायची. दुकानात फ्रीज नसायचा, लाकडी किंवा पत्र्याची पेटी असायची. तालुक्याहून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात घालून आणायची, सुईनं फोडायची आणि त्यात बाटल्या आडव्या ठेवायच्या. ओपनर सुतळीनं पेटीला बांधलेला. पेटीच्या कडेला बुचांचा खच, आणि ती बुचं गोळा करून, दगडानं चपटी करून, मधे भोक पाडून भिंगरी करणारी पोरं. पेय तिथंच उभं राहून प्यायचं, कारण बाटली परत द्यायची. घरी न्यायची तर बाटलीचं डिपॉझिट ठेवायचं. सोयरिकीची माणसं आली, मुलगी बघायचा कार्यक्रम असला की पोरगं किटली किंवा पिशवी घेऊन पळायचं आणि स्टीलच्या पेल्यांतून अर्धं-अर्धं वाटलं जायचं. पोट बिघडलं, तापातून उठलं की लिम्का. हे डॉक्टरी शास्त्र नव्हतं, पण ऐंशीच्या दशकातल्या मराठवाड्यात ते घराघरांत चालायचं.

पसरण्याचं खरं काम एसटीनं आणि ट्रकनं केलं. ७२ च्या दुष्काळी कामांवर ज्या रस्त्यांची खडी फोडली गेली, त्यांतले कित्येक रस्ते पुढं डांबरी झाले आणि त्यांवरूनच क्रेट आले. रेल्वेनं मुंबईला जाणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला तर थम्सअपचा डोंगरच भेटतो. मनमाडजवळ अनकाईच्या बाजूला हडबीची शेंडी नावाचा सुळका आहे, मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखा. थम्सअप आल्यापासून त्याचं नाव लोकांनी थम्सअपचा डोंगर करून टाकलं. मनमाड जवळ येतं आणि डब्यातली लेकरं खिडकीशी गर्दी करतात, हे आजही चालू आहे. जगात कुठल्या पेयाला एवढी मोठी आणि फुकटातली पाटी मिळाली असेल असं वाटत नाही.

पेप्सी १९९० मध्ये पंजाब सरकारचं कृषी महामंडळ आणि मुंबईच्या व्होल्टाससोबत भागीदारीत ‘लहर पेप्सी’ म्हणून आली. खेड्यातल्या पोरांना मात्र पेप्सी म्हणजे प्लास्टिकच्या लांब नळीत गोठवलेलं रंगीत गोड पाणी. बर्फाच्या कारखान्यात तयार होणारी, थर्मासच्या डब्यातून सायकलवर येणारी, टोक दातानं तोडून चोखायची. थम्सअपनं पेप्सीला उत्तर म्हणून ३०० मिलीची मोठी बाटली काढली, ‘महा कोला’.

२४ ऑक्टोबर १९९३ ला आग्र्यात कोका-कोलाचं पुनरागमन झालं. त्याच सुमारास थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा हे सगळे ब्रँड रमेश चौहानांनी कोका-कोलाला विकले. देशातल्या थंड पेयांच्या बाजारातला निम्म्याहून जास्त वाटा चौहानांकडं होता, तरीही. त्यांच्या पेयांच्या बाटल्या भरणारे कारखाने वेगवेगळ्या मालकांचे होते. हे मालक कोका-कोलाकडं वळले तर चौहानांच्या हाती नुसती नावं उरणार होती. १८९९ ची ती बाटली भरणाऱ्यांची युक्ती शंभर वर्षांनी इथं अशी उलटून आली. पुढच्या वर्षी ड्यूक पेप्सीकडं गेली. गोल्ड स्पॉट कंपनीनं बंद केलं, आणि त्याचं वाईट वाटणारी पिढी अजून आहे. थम्सअपही मागं सारायचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक बधलं नाही. २०२१ च्या वर्षात थम्सअपचा भारतातला धंदा एक अब्ज डॉलरच्या पुढं गेला. अमेरिकी कंपनीला भारतात तारून नेणारं पेय हे विलेपार्ल्याच्या घराण्यानं केलेलं आहे.

२००२-०३ मध्ये ५ रुपयांची २०० मिलीची बाटली आली आणि कोका-कोला खऱ्या अर्थानं खेड्यात शिरलं. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं १२ पेयांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिनं संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरवले. काही महिने विक्री पडली, मग सावरली.

इथपर्यंतचा इतिहास सगळे सांगतात. अर्काचं गुपित, मंत्री, मालक, जाहिराती. पण बाटलीत अर्क असतो तो थेंबभर. बाकी सगळं पाणी आणि साखर. अमेरिकेत १९८० च्या दशकात या पेयांत उसा-बिटाच्या साखरेऐवजी मक्याचा पाक आला. भारतात मात्र उसाचीच साखर आहे. त्या साखरेच्या मागं मागं गेलं की माणूस परत बीड जिल्ह्यात येऊन पोचतो.

१९७२ च्या दुष्काळानं या जिल्ह्याला मिलोबरोबर कोयता दिला. त्याआधीही काही माणसं नगर, कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर जात होती. पण बैल विकलेली, रान कोरडं पडलेली हजारो घरं त्यानंतर उसाच्या फडाकडं वळली आणि ती वाट पुन्हा बंद झाली नाही. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या घालून निघायचं, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाला काढून मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. तेलगावला साखर कारखाना झाला, परळीजवळ पांगरीला झाला, तरी जाणारी माणसं थांबली नाहीत. २०१३ च्या फेब्रुवारीत खडक्याचं धरण आटलं आणि परळीचं औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं. जिथं विजेच्या कारखान्याला पाणी नाही तिथं दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू रानावर कुणाचं भागणार?

ऊसतोडीला जाणाऱ्या या बायकांच्या शरीराचं काय झालं ते २०१९ मध्ये उघडकीला आलं. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, संडास नाही, पाणी नाही. मग अंगावरून जायला लागलं की गावाजवळच्या खासगी दवाखान्यात जाऊन पिशवीच काढून टाकायची, तीही ऐन तिशीत, आणि त्यासाठी मुकादमाकडून पुन्हा उचल. शासनानं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या अमेरिकी वृत्तपत्रानं बीडच्या या बायकांवर मोठा शोधवृत्तान्त छापला. त्यात त्यांच्या तोडीच्या उसाची साखर कोका-कोला आणि पेप्सी या कंपन्यांपर्यंत पोचते, हे नावानिशी मांडलं. १९७२ ला टेक्सासची ज्वारी कशी आली हे इथल्या माणसाला कळलं नव्हतं. बावन्न वर्षांनी इथला ऊस कुठं जातो ते अमेरिकेतल्या वाचकाला कळलं.

जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे हा वृत्तान्त यायच्या दोन महिने आधी, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं ऊसतोडीचा नवा दर ठरला होता. ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ रुपये झाले. एक टन उसातून साधारण १०५ किलो साखर निघते. ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर धरली, तर टनाभरात साडेतीन हजार बाटल्या गोड होतात. म्हणजे या दरानं एका बाटलीमागं तोडणाऱ्या कोयत्याला, नवरा-बायको दोघांना मिळून, १० ते ११ पैसे पडतात, आणि त्यातून उचल वळती व्हायची असते.